पुसून टाकलेली टेस्ट

अजूनही आठवलं की माझी कानशिलं तापतात.

मी शहापूरला घरी बसून नागपूरच्या एका लहान कंपनीचं काम करायचे. एका सहकारी संस्थेच्या धान खरेदी केंद्रांसाठी आम्ही नंबर लावायचं सॉफ्टवेअर बनवत होतो. शेतकऱ्याने मोबाइलवर शेत नोंदवायचं, त्याला दिवस आणि नंबर मिळायचा, त्या दिवशी धान आणायचं. एवढंच काम.

पण आमच्या टीमच्या साहेबांनी शेतकरी आणि त्याचं शेत एकाच क्लासमध्ये, म्हणजे कोडमधल्या एकाच साच्यात, कोंबलं होतं. एक माणूस, एक शेत. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "सर, आमच्याकडे लोकांची शेतं दोन-दोन गावांत असतात. शेतकरी वेगळा ठेवा, शेत वेगळं."

ते हसले. "इतकं कायले डोकं लावून राहिली? अपवाद आहेत ते."

अपवाद! माझ्या सख्ख्या मावशीचंच एक शेत एकोडीला होतं आणि दुसरं, माहेरच्या वाट्याचं, शेजारच्या गावात.

मी वाद सोडला आणि टेस्ट, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारा छोटा प्रोग्राम, लिहिली: एकाच बाईने दोन शेतं नोंदवली, तर दोन्ही नंबर राहिले पाहिजेत. चालवली तर लाल, म्हणजे नापास. दुसरं शेत नोंदवताच पहिला नंबर गुपचूप पुसला जात होता.

सॉफ्टवेअर द्यायच्या दिवशी सकाळी बघते तर सगळं हिरवं. कोड तोच होता, माझी टेस्ट तेवढी गायब होती. साहेबांनी ती काढून शेरा मारला होता: 'गरज नाही.' कोणताही बदल दुसऱ्याने मंजूर करायचा नियम होता, म्हणून तो माझ्याकडेच आला. भांडून काय होणार, असं म्हणून मी मंजुरीचं बटण दाबलं.

हंगाम सुरू झाला आणि एके दिवशी मावशीचा फोन आला. "काहून वं, तुयं मशीन मले वळखत नाही म्हणते! ट्रॅक्टरवर धानाचे कट्टे भरून आणले, न् इथला बाबू म्हणते नंबरच नाही."

आदल्या दिवशी तिने दुसरं शेत नोंदवलं होतं. मला लगेच कळलं. लॅपटॉप घेतला आणि स्कूटीने थेट एकोडी गाठली.

केंद्रावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली. मावशी वजनकाट्यापाशी उभी होती आणि केंद्राचा बाबू तिला सगळ्यांसमोर सुनावत होता, "बाई, तुम्ही खोटं बोलून राहिल्या. कॉम्प्युटर चुकत नाही."

"चुकते," मी म्हटलं. "मीच बनवलं हे. चुकते."

तिथूनच साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. ते म्हणाले, "मावशीले सांग, पुन्हा नोंदणी करा. एखादी केस होतेच."

मी रांगेकडे वळून ओरडले, "अजून कोणाची शेतं दोन गावांत आहेत?"

सात हात वर झाले. त्यातल्या चौघांनी दोन्ही शेतं नोंदवली होती; त्यांचे नंबर गेले होते.

"ऐकलं सर? सात जण, त्यातल्या चौघांचे नंबर गेले."

पलीकडून प्रश्न आला, "तू हे रेकॉर्ड करून राहिली का?"

त्या माणसाला एवढीच काळजी होती! मी फोन कापला आणि संस्थेच्या सचिवांना लावला. काय चुकलं, का चुकलं, सगळं सांगितलं. त्यांनी बाबूला त्या दिवसापुरते नंबर कागदावर लिहायला लावले. मी धानाच्या पोत्यांवर बसून टेस्ट परत आणली, शेतकरी आणि शेत वेगळे केले. दुपारी चारला टेस्ट हिरवी झाली. तरी तो बदल केंद्रांपर्यंत पोचू द्यायला साहेबांनी तीन दिवस लावले.

पुढच्या मीटिंगमध्ये ते शांतपणे म्हणाले, "शेतकऱ्यांनी नोंदणी चुकीची केली."

"नाही," मी म्हटलं. "टेस्ट तुम्ही काढली आणि मी ते मंजूर केलं." त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला.

बाबूने मावशीची माफी मागितली नाही, साहेबांनीही नाही. शेवटी मीच मागायला गेले. तिच्या अंगणात बसून सगळं सांगितलं, बटण दाबलं तेही.

"म्हणजे तुले मालूम होतं?" तिने विचारलं.

"हो, मावशी."

ती उठून आत गेली. दोन महिने माझ्याशी बोलली नाही.