तात्यांचा कोट आणि सरूचं रेडकू

सासऱ्यांचा मळका कोट मी त्यांना न विचारता धुऊन आणला. एवढंच केलं. त्यापायी एक म्हैस आजारी पडायची वेळ आली, आमच्या सोसायटीचा झेंडा वॉचमनने फडकवला, आणि मी रेडकू झालो.

सासरे, म्हणजे तात्या, गिरीजला राहायचे. वाडीत केळी-नारळ, गोठ्यात म्हशी. त्याआधी सैन्यात होते. एकाहत्तरच्या लढाईत आघाडीवर. आम्ही तुळिंजचे फ्लॅटवाले. नव्वदच्या दशकातली नवीकोरी सोसायटी, पाणी टँकरचं, उत्साह मात्र चोवीस तास! सव्वीस जानेवारीला पाहुणा कोण, यावर बैठकीत खल चालला होता. मी छाती काढून म्हणालो, "आमचे सासरे रणवीर आहेत!" (तोवर घरात त्यांना कोणी 'दूधवाले तात्या' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं.)

भाषणाला मसाला हवा म्हणून गिरीज गाठलं.

"तात्या, शत्रूचे किती मारलेत?"

"एकही नाही. मी खेचरांवर होतो. दारूगोळा लादायचा, डोंगर चढायचा."

"पण गोळीबार? धुमश्चक्री?"

"होती की. खेचरं फार बिचकायची."

यावर कोणी टाळ्या वाजवेल? (भाषण लिहिताना मी खेचरांचे घोडे केले आणि तात्यांच्या हातात तलवार दिली.)

तेवढ्यात गोठ्यातल्या खुंटीवर तो कोट दिसला. अस्सल फौजी, जाड, हिरवा! पण त्यावर शेण, पेंड, लाळ, सगळं थरावर थर. हा कोट स्वच्छ करून तात्यांना चकित करायचं, असं मी ठरवलं. पंचवीस तारखेला सकाळचं दूध काढून झाल्यावर मी तो पळवला. गावात कोणी पाहू नये म्हणून चक्क स्वेटरच्या आत खुपसला आणि आठ महिन्यांच्या गरोदर बाईसारखा स्कूटरवर बसलो. घरी बायको दारातच म्हणाली, "आधी आंघोळ. मग बोल." लाँड्रीवाल्याने 'अर्जंट'मध्ये कोट असा उजळवला, की त्याला गुलाबाचा वास यायला लागला!

सव्वीसच्या पहाटे कोट हँगरला लावून, वर प्लास्टिक चढवून मी गोठ्यात शिरलो. "तात्या, ओळखा पाहू काय आणलं!"

तात्या सरू म्हशीजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी कोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बोलल्या त्या सासूबाई.

"अहो, काय केलंत हे! काल संध्याकाळपासून शोधतोय तो कोट!"

मग उलगडा झाला. सरूचं रेडकू आठवड्यापूर्वी गेलं होतं. शेवटच्या रात्री तात्यांनी त्याला त्याच कोटात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. रेडकू गेल्यावर सरू पान्हा सोडेना. तात्या तो कोट अंगात घालून बसले, तेव्हा तिने हुंगला, चाटला आणि दूध दिलं. आदल्या संध्याकाळी कोटच नाही, म्हणून दूध नाही. कास दगडासारखी झाली होती.

"आज मोकळी झाली नाही, तर कास नासेल," तात्या म्हणाले. माझ्याकडे न बघता.

त्यांनी कोट घालून पाहिला. सरू गुलाबाला शिंकली आणि तोंड फिरवलं.

मी माघार घेणार, तोच तिची मान लांब झाली. तिने माझा स्वेटर हुंगला. (होय, आंघोळ मी केली होती, स्वेटरने नव्हती केली!) आणि ती चाटायला लागली. पोट, छाती, मग चष्म्यासकट तोंड.

"हलू नका!" तात्या कुजबुजले. बादलीत पहिली धार वाजली.

त्या आवाजात तात्या आपणहून बोलले. "आघाडीवर माझा जोडीदार गेला, तेव्हा त्याचं खेचर पाण्याला तोंड लावेना. मी त्याचा कोट अंगात घातला. मग प्यालं."

"हाच कोट?"

"हाच."

पुढे विचारायला तोंड उघडायची सोय नव्हती; सरूची जीभ पुन्हा तोंडावर आली होती.

एवढ्यात पाहुण्यांना न्यायला सेक्रेटरी रिक्षाने आले. "तात्या, चला! लोक खोळंबलेत... अरे, हे काय चाललंय?"

"दूध काढतोय. झेंडा कोणीही लावेल," तात्या म्हणाले. "आणि आमचे रेडकूही आज मोकळे नाहीत."

ही बातमी माझ्याआधी तुळिंजला पोचली.

पुढे दोन्ही वेळा, ऑफिसच्या आधी आणि नंतर, मी गिरीजला जाऊन सरूपुढे उभा राहायचो. गालांची साल निघाली. पण कास वाचली. हळूहळू सरू पेंडीच्या घमेल्यावरच पान्हवायला लागली, तेव्हा मी निरोप घेतला.

"हा स्वेटर राहू दे तुमच्याकडे," मी उदारपणे म्हणालो. "पुन्हा अडली, तर खुंटीला टांगा तिच्यापुढे."

"टांगला असता तर पहिल्या दिवसापासून भागलं असतं," तात्या म्हणाले. "तुमची गरज नव्हती."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

बादली उचलता उचलता तात्या म्हणाले, "कोट नेताना तुम्ही विचारलं होतंत, जावईबापू?"