कुंकवाआडचा तास

तीन वाजता दुपार पेंगुळलेली असायची. साताऱ्यातल्या माझ्या खोलीत पंखा संथ फिरायचा आणि फोनच्या पडद्यावर इस्लामपूरकडचा ऊस हलायचा. उसाच्या कडेला, बांधावर ती बसलेली. वय अडतीस, नवरा फौजेत, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेली. बाकीचे विषय सुटले होते, गणितात मात्र दोनदा गेली होती.

"बाई, औंदाबी गेलं तर पुस्तकं रद्दीत घालणार बगा," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी निवृत्त शिक्षिका, तापट म्हणून शाळाभर नावाजलेली; आता व्हिडिओ कॉलवर तिला गणित शिकवत होते. तिच्यावर मात्र ओरडायची वेळच यायची नाही. घरी करायला दिलेलं गणित ती दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर धरायची. अक्षर सुबक, उत्तर बरोबर. मी शाब्बास म्हणायचे. पलीकडून उसाच्या पात्यांची सळसळ येत राहायची, आणि खोटं कशाला सांगू, कधीकधी मलाच डुलकी लागायची.

खंडेनवमीला तिनं विळा, खुरपं आणि पाण्याच्या मोटारीबरोबर फोनचीही पूजा केली. विद्या त्यातूनच येते, मग त्याला का वगळायचं? दसरा होईपर्यंत कुणी त्याला हात लावला नाही. त्यानंतर तास सुरू झाला, तर माझ्या पडद्यावर सगळं लाल धुकं. फोनचं कपाळ समजून तिनं वर मधोमध ओलं कुंकू टेकवलं होतं, नेमकं कॅमेऱ्यावर.

"अगं, पूस ते कुंकू," मी म्हणाले.

"आवं बाई, असं काय बोलताय? आपसूक जाईल तवा जाईल."

फौजीच्या बायकोला आपण काय सांगून बसलो, हे ध्यानात आलं आणि मी जीभ चावली. पुन्हा तो विषय काढला नाही.

वही दिसेना, म्हणून म्हटलं, एकेक पायरी बोलून दाखव. तिनं सुरुवात केली. पाच अलीकडून पलीकडे गेला, उणे झाला.

"का झाला?"

धुक्यातून आवाज आला, "माझी पोरगी करून देती बाई. मी नुसतं उतरवून घेती."

मला राग आला, तिचा थोडा आणि स्वतःचा फार. इतके दिवस मी अक्षराला शाब्बासकी देत होते.

मग आम्ही पहिल्यापासून सुरू केलं. त्या दुपारी आठवतात त्या रंगानंच. आधी सगळं लाल, मग गुलाबी, मग दिवाळीनंतर कडेला नुसती फिकट झाक. त्यात तिचा चेहरा नव्हताच, होता तो आवाज, अडखळणारा, पुन्हा मागं जाणारा. मला आता डुलकी लागत नव्हती. एक दिवस ती मधेच थांबली.

"बाई, ही उसाची गाडी हाय व्हय? ह्या अंगाची मोळी उतरली, तर त्या अंगाचीबी उतरायची. न्हाईतर गाडी कलंडती!"

"होय गं, तेच ते," मी म्हणाले. चाळीस वर्षं मी समीकरण शिकवलं, पण इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.

पुढे कुंकू पार गेलं, पडदा स्वच्छ झाला. तरी ती वही दाखवायची नाही, बोलूनच गणित सोडवायची. मार्चमध्ये तिनं पेपर दिला.

निकालाच्या दुपारी मी फोन समोर घेऊनच बसले. ती पास होईल की पुस्तकं रद्दीत जातील, एवढंच डोक्यात. फोन वाजला. मी उचलला.

पडदा लालेलाल होता. ताजं, ओलं कुंकू. एक ओघळ खालीही आला होता.

"बाई, गुणपत्रिका धरलीया म्होरं. दिसतीया का?"

"काही दिसत नाही गं," मी डोळे पुसत म्हणाले, "बोलून दाखव."