बर्फाच्या कारखान्यातलं घर

पळसदेवला माझी मामी बर्फाच्या कारखान्यात राहते. मासळीसाठी बर्फ तयार करणारा तो कारखाना बंद पडला, तेव्हा मामानं तो विकत घेतला आणि त्यातच संसार थाटला. भिंती हातभर जाड, गारवा टिकावा म्हणून आत भुसा भरलेला. मामानं एक खिडकी पाडून घेतली. तिच्यातून धरणाच्या पाण्याचा उजेड येऊन छतावर हलत राहतो. तिथं पडलं की वाटतं, आपणच पाण्याखाली आहोत आणि गाव वरून चाललंय. मला ते फार आवडतं.

कुणीही भर घालावी अशा इंटरनेटवरच्या एका नकाशावर मी आमच्याकडच्या इमारती भरते. खाली गिरणी, वर बिऱ्हाड. टॉकीजचं झालेलं मंगल कार्यालय. यांना एकच नाव देताना डोकं फिरतं. मामीच्या जागेवर कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं, ‘बर्फ कारखाना, बंद’. मी ‘घर’ केलं. परमुलखातल्या कुण्या शहाण्यानं पुन्हा ‘कारखाना’ केलं. इमारत ज्यासाठी बांधली तेच लिहायचं, म्हणे. ते नियमाला धरून होतं, म्हणून तर जास्त राग आला.

त्यातच मामेभावाचं लग्न जुळू लागलं. मुलीकडचे घर बघायला येणार, तेही हाच नकाशा बघत. मामीचा जीव टांगणीला.

"पावनं म्हणतील, पोरगी काय कारखान्यात द्यायची व्हय? तेवढं नीट कर की गं."

"मी करते मामी, पण तो परत बदलतो."

"मग त्यालाच बोलीव जेवायला."

पाहुणे आले ते भर उन्हात. मुलीची आई उंबऱ्यातच थबकली आणि छताखालचे गंजके पाइप बघत राहिली. मामा नुसताच घसा खाकरत होता. मामीनं चिलापी माशाचं कालवण वाढलं, आणि मला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

जेवणं उरकली. मुलीच्या आईनं भिंतीला पाठ टेकली. "लई गार हाय हो हितं," म्हणाली, आणि बोलता बोलता तिचे डोळे मिटले. थोड्या वेळानं तिचे यजमानही तिथंच कलंडले.

मी मोबाइलवरचा नकाशा मामीपुढं धरला. "आता काय लिहू गं?"

मामीनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. घरात माणसं झोपल्यात."