एकशे बेचाळीस स्थळं आणि एक फॉन्ट

ओव्हाळ सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला विचारलं, "शालनताई, हे कुठल्या भाषेत आहे?"

मी म्हटलं, "मराठीतच आहे, सर."

"मग मला का वाचता येत नाही?"

उत्तर मला माहीत होतं. पण ते सांगायच्या आधी मी एक घोट पाणी प्यायले.

आता मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सरांना फसवत होते.

मी माण गावची. आमची भातखाचरं आयटी पार्कात गेली. राहिलेल्या जागेवर आम्ही खोल्या बांधल्या आणि कंपनीतले भाडेकरू ठेवले. ही मुलं नोकरी बदलली की सामान टाकून जातात. गाद्या, कुंड्या, जुने लॅपटॉप. गाद्या मी देऊन टाकायचे, कुंड्या गच्चीवर न्यायचे, लॅपटॉप कपाटात ठेवायचे. एका भाडेकरू मुलीने, अंकिताने, त्यातल्या एकावर विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम कशी टाकायची ते दाखवलं. बाकीचं मी मोडून मोडून शिकले. मोडायला लॅपटॉप भरपूर होते.

पुढे आमच्या पार्किंगमध्ये टेबल टाकलं आणि पाटी लावली, 'जुने कॉम्प्युटर चालू करून मिळतील'. काम तसं साधं आहे. कॉम्प्युटरमध्ये रॅम नावाची वस्तू असते, ती म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. जुन्या मशीनचा ओटा हातभर. त्यावर आजची सिस्टीम म्हणजे पन्नास पानांचा स्वयंपाक. मग अडकतं. तिथे मी लिनक्सचा हलका डेस्कटॉप टाकते. डेस्कटॉप म्हणजे स्क्रीनवरचा पसारा, मेनू, खिडक्या, खालची पट्टी. पसारा कमी, ओटा मोकळा, मशीन पळतं. बारा-पंधरा वर्षांचं मशीनसुद्धा पत्रं टाईप करायला अजून चांगलं असतं.

तर ओव्हाळ सर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आमच्या वाडीच्या मागच्या वस्तीत राहतात. बुद्धविहाराच्या समितीने ठरवलं की यंदा तालुक्यातल्या समाजाचा वधू-वर मेळावा इथेच घ्यायचा. आतापर्यंत लोक पुण्याला जायचे, दिवसभर हॉलमध्ये बसून परत यायचे, ओळखीचं एक माणूस भेटायचं नाही. सरांनी स्थळांची पुस्तिका करायचं अंगावर घेतलं. समितीतल्या तरुण पोरांचं म्हणणं होतं, अ‍ॅप करू. सर म्हणाले, "अ‍ॅप आमच्या आयाबायांना बघता येत नाही. पुस्तिका हातात धरता येते." आणि चार महिने घरोघर फिरून, फॉर्म भरून घेऊन, एकशे बेचाळीस बायोडाटा स्वतःच्या हातांनी टाईप केले. सरांची टायपिंगची परीक्षा टाईपरायटरवर झालेली. बोटं अजून तशीच पडतात, घण घातल्यासारखी.

मशीन मात्र थकलं होतं. सर बटण दाबून अंघोळीला जायचे, अंघोळ आणि चहा आटोपला की ते उघडलेलं असायचं. फोटो घालायला लागल्यावर ते सारखं अडकायला लागलं. मेळावा रविवारी, पुस्तिका गुरुवारी छपाईला द्यायची, आणि सर सोमवारी सकाळी मशीन रिक्षात घालून माझ्याकडे आले.

मी नियमाप्रमाणे सगळं केलं. सरांचं फोल्डर पेन ड्राईव्हवर घेतलं. फाईली मोजल्या, एकशे बेचाळीस. फोटो उघडून बघितले, सगळे छान दिसले. मग अख्खी डिस्क पुसली, त्याला आम्ही फॉरमॅट मारणं म्हणतो, आणि लिनक्स टाकलं. पाऊण तासात मशीन असं उघडलं की सरांना अंघोळीला जायला सवडच उरली नाही. ते खूश. मी खूश. मी पहिली फाईल उघडली.

'मुलगी' हा शब्द हवा तिथे इंग्रजी ई, क्यू, वाय, एक्स, एच. खाली कंस, टक्के, स्वल्पविराम. पानभर तेच.

झालं होतं काय ते सांगते. आजकाल मोबाईलवर आपण मराठी लिहितो, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर असतो, ते कुठेही मराठीच दिसतं. त्याला युनिकोड म्हणतात. पूर्वीच्या फॉन्टांचं तसं नव्हतं. फॉन्ट म्हणजे अक्षरांची चित्रं ठेवलेली एक छोटी फाईल. जुन्या पद्धतीत मशीन आत इंग्रजी अक्षरच साठवायचं आणि फॉन्ट त्याच्यावर मराठी चित्र चढवायचा. फॉन्ट गेला की चित्र गेलं. आणि फॉन्ट काही सरांच्या फोल्डरमध्ये राहत नाही, तो विंडोजच्या पोटात राहतो. त्या पोटाला मी अर्ध्या तासापूर्वी फॉरमॅट मारला होता.

फोटो उघडून बघितले होते, फाईल एकही नाही. फोटोला फॉन्ट लागत नाही. फोटो दिसले म्हणून मी निर्धास्त झाले.

"सर, भरलेले फॉर्म कुठे आहेत?" मी विचारलं.

"रद्दीत दिले."

"सगळे?"

"कॉम्प्युटरमध्ये आहे म्हटल्यावर घरात गठ्ठे कशाला, असं मंदा म्हणाली. मलाही पटलं."

मंदाताई म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांना दोष द्यायची माझी पायरी नव्हती.

आकडे तेवढे नीट दिसत होते. उंची, जन्मसाल, मोबाईल नंबर. नावं नव्हती. सर म्हणाले, नंबर आहेत ना, मग फोन करून विचारू. त्यांनी पहिला नंबर लावला.

"नमस्कार. मी ओव्हाळ सर, मेळाव्याचा. आपल्याकडे पाच फूट दोन इंच कोण आहे?"

पलीकडून काहीतरी बोललं गेलं. सरांनी फोन खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कुठलं कपाट?"

मी हसले नाही. सरही हसले नाहीत. ते म्हणाले, "ताई, नाव, शिक्षण मी परत विचारीन. लाज वाटेल, पण विचारीन. पण यात काही घरं अशी आहेत की तीन-तीन वेळा गेल्यावर त्यांनी तोंड उघडलं. कोणाच्या मुलीचा घटस्फोट झालाय, कोणाच्या मुलाला फिट येतात. 'सर, हे लिहा, लपवून लग्न नको,' म्हणाले. ते मी त्यांच्यासमोर लिहून घेतलं. आता जाऊन सांगू, माझ्याकडून हरवलं, पुन्हा सांगा?"

मी म्हटलं, "सर, हरवलं माझ्याकडून."

"त्यांनी तुमच्या हातात नव्हतं दिलं," सर म्हणाले.

मग मी कामाला लागले. पुसलेल्या डिस्कवरून काही परत मिळवायचे प्रोग्राम असतात, त्यातला एक चालवला. तीन तासांनी त्याने शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो काढून दिले. एकात सर कोळ्याच्या वेषात होते. फॉन्ट नाही. फॉन्टचं नाव सरांना ठाऊक नव्हतं, टायपिंग इन्स्टिट्यूटच्या माणसाने कधीकाळी सीडीवरून टाकून दिलेला. फाईलीत नाव होतं, पण त्या नावाचं इंटरनेटवर काही सापडेना. जवळचे तीन फॉन्ट लावून बघितले. साधी अक्षरं आली, जोडाक्षरांच्या जागी चौकोन. समाजातल्या मुलींची नावं बघा, प्रज्ञा, स्नेहल, तृप्ती. निम्म्या मुली चौकोन झाल्या.

मंगळवारी सकाळी मी विहारात गेले. दारावर मेळाव्याची सूचना लावली होती, सरांनी त्याच मशीनवर टाईप केलेली. हा एकच कागद उरला होता ज्यावर तो फॉन्ट दिसत होता. मी ती सूचना पाच मिनिटं वाचली. झाडणारी बाई म्हणाली, "काकू, रविवारी हाय, अकरा वाजता." मी म्हटलं, तारीख नाही बघत, ळ बघतेय. त्या फॉन्टचा ळ वेगळा होता, दोन्ही वेटोळी एकमेकांना न चिकटलेली. हा ळ मी कुठेतरी बघितला होता.

घरी येऊन फ्रिजवरच्या लग्नपत्रिका काढल्या. तिसऱ्या पत्रिकेत 'सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी'. तोच ळ. खाली छापणाऱ्याचं नाव.

ते नाव वाचून मी फ्रिजचं दार उघडलं आणि बंद केलं. काही घ्यायचं नव्हतं.

कारण ते दुकान पौडच्या बाजारातल्या शब्बीरभाईंचं. झेरॉक्स, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक. त्यांच्याकडचा कॉम्प्युटर सरांच्या मशीनपेक्षा म्हातारा, त्यावर मळका टेबलक्लॉथ, इंटरनेट कधी जोडलेलं नाही. चार वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते की हा डबा बदला, नाहीतर मला द्या, लिनक्स टाकून देते. दर वेळी त्यांचं एकच उत्तर, "वहिनी, चालतंय त्याला हात लावायचा न्हाई." गेल्या दिवाळीत मी भर दुकानात म्हणाले होते की हे मशीन संग्रहालयात ठेवा आणि तिकीट लावा.

स्कूटर काढली, घोटावड्यावरून पौडला गेले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी हळू आवाजात सगळं सांगितलं.

शब्बीरभाई मोठ्या आवाजात म्हणाले, "म्हंजी तुमच्या नव्या शिस्टीममदी अक्षरं न्हाईत, आन् माझ्या डब्यात हायेत?"

"आहेत असं वाटतंय."

"कोन म्हनत हुतं, तिकीट लावा?"

"मीच."

"मंग काढा तिकीट."

गिऱ्हाइकांची झेरॉक्स केव्हाच झाली होती, पण ती हलेनात. मी पेन ड्राईव्ह पुढे केला. शब्बीरभाईंनी तो बोटानेच मागे सरकवला. "बाहेरची काडी लावत न्हाई मी याला. लई लोकांचे डबे मेले त्यानं." चार वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचं म्हणणं पटलं. शेजारच्या मोबाईलच्या दुकानातून मी बंद पाकिटातला नवा पेन ड्राईव्ह आणला. पाकीट त्यांनी स्वतः फोडलं.

फॉन्टच्या फोल्डरमध्ये चारशेच्या वर फॉन्ट होते. मी नाव शोधून एकच घेणार होते. मग स्वतःला म्हटलं, शालन, कालचा दिवस आठव. सगळे घेतले.

निघताना मी विचारलं, "काय द्यायचं?"

"काय नको. ओव्हाळ सर माझ्या पोरीला शिकवायला हुते. फकस्त एक करा, पुन्हा याला डबा म्हनू नका."

लिनक्समध्ये फॉन्ट घालायचा म्हणजे एका फोल्डरमध्ये ती फाईल ठेवायची, संपलं. दोन मिनिटांचं काम. सर खुर्चीच्या कडेवर बसले होते. मी पहिली फाईल उघडली. पान मराठीत भरलं. मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "अडुसष्ट नंबर उघडा."

उघडला. सरांनी तो वरपासून खालपर्यंत मनात वाचला. त्यात काय होतं ते मी वाचलं नाही, पाठ फिरवून उभी राहिले.

"आहे," सर म्हणाले. "शब्दन् शब्द आहे."

मग मंगळवारची संध्याकाळ आणि बुधवारचा दिवस आम्ही ते सगळं युनिकोडमध्ये आणलं. ते करणारे प्रोग्राम असतात, पण ते सरसकट बरोबर करत नाहीत, म्हणून सर मोठ्याने वाचत होते आणि मी दुरुस्त करत होते. लिनक्सवरच्या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये पानंही थोडी सरकली होती, एका सिव्हिल इंजिनिअरचा फोटो नर्सबाईंच्या पानावर जाऊन बसला होता. सर म्हणाले, त्यांचं त्यांना ठरवू दे, आपण नको. फोटो मागे नेला. शेवटी पीडीएफ केली. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच बांधलेला असतो, ती कुठेही तशीच दिसते.

गुरुवारी पुस्तिका छपाईला गेली. शब्बीरभाईंकडेच. रविवारी मेळावा झाला. पाच फूट दोन इंच आईवडिलांसोबत आली होती. तिचे वडील सरांना म्हणाले, सोमवारी कोणीतरी फोन करून कपाटाचं माप विचारत होतं. सर म्हणाले, आजकाल काहीही फोन येतात. किती लग्नं जमली ते मला विचारू नका, तो हिशेब सरांकडे. मंदाताई आता कागदाचा कपटासुद्धा रद्दीत देत नाहीत.

तीन महिन्यांनी शब्बीरभाई रिक्षातून उतरले. मांडीवर टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेलं मशीन. आतून टक टक आवाज येत होता, म्हणजे डिस्क जायला आली होती. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, पण टेबलक्लॉथवरचा हात काढला नाही.

"वहिनी, आदी..."

"फॉन्ट," मी म्हटलं. "घेते. तुम्ही बसा."

ते बसले. तीन तास, सगळं दोन ठिकाणी कॉपी होईपर्यंत. डिस्क बदलून लिनक्स टाकलं. आता ते मशीन पळतं, आणि ते दर गिऱ्हाइकाला सांगतात की हे आधीपासूनच चांगलं होतं.

माझ्या कामात एकच बदल झाला. आता फॉरमॅट मारायच्या आधी मी कॉपी घेतलेली फाईल माझ्या लॅपटॉपवर उघडते आणि गिऱ्हाइकाला पहिल्या चार ओळी मोठ्याने वाचायला लावते. वाचता आल्या तर पुढचं काम. आमच्याकडे बोललं जातं की शालनकाकूंना हल्ली डोळ्यांनी कमी दिसतं.

बोलू देत.