वाटीभर पांढरा रस्सा

बकऱ्याला पाय चारच असतात. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. पण मी एका मटणाच्या खानावळीत सात वर्षं वाढपी होतो आणि सात वर्षं दर रविवारी दुपारी हेच सांगत होतो. येणाऱ्या प्रत्येकाला पायाची नळी हवी असायची. एका बाकावर आठ माणसं बसली की आठांनाही नळी. संपली म्हटलं तर उत्तर तयार, "का? आम्ही काय परक्या गावचं हाय व्हय?"

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. एस.टी. स्टँडपासून दहा मिनिटांवर, एका बोळात ही खानावळ होती. सहा बाकं, मागं स्वयंपाकघर, त्यामागं नळ. मी आजऱ्याकडनं आलो तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, दोन पोरं होती, आणि कुणाचंही ऐकून घ्यायची सवय नव्हती. ती इथं लागली. म्हणजे तोंड गप्प ठेवायची लागली. डोकं मात्र तापायचं ते तापायचंच.

कारण माणसं काय काय मागतील याला सुमार नव्हता. तांबडा रस्सा द्या, पण वर तवंग नको. आता तवंग काढला तर त्यात राहतं काय? तिखट जाळ पाहिजे, पण पोटात आग पडता कामा नये. एक गृहस्थ तर भाकरीचा पापुद्रा सुटला नाही म्हणून तीन भाकऱ्या परत पाठवायचे आणि चौथी दह्यात कुस्करून खायचे. पुण्याकडची एक मंडळी आली, त्यांनी रश्शात घालायला साखर मागितली. मी दिली. आत जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो, पण दिली.

या सगळ्यावर आम्हा वाढप्यांचा एकच इलाज होता. त्याला आम्ही वाटी फिरवणं म्हणायचो. गिऱ्हाईक म्हणालं, मीठ कमी आहे, की "आत्ता आणतो" म्हणून वाटी उचलायची, आत जायचं, दाराआड जरा वेळ उभं राहायचं, आणि तीच वाटी परत नेऊन ठेवायची. "वस्तादांनी नवा दिलाय बघा." दहातले नऊजण घोट घेऊन म्हणायचे, "हां, आत्ता कसं!" मला त्यात भारी आनंद व्हायचा. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी खाणाऱ्या माणसाला तेवढाच सूड मिळायचा.

वस्ताद म्हणजे आमचा आचारी. मालकासकट सगळे त्याला वस्तादच म्हणत. नेसरीकडचा, पन्नाशीचा, अंगानं वाळका, बोलायला कमी. त्याच्या हातच्या पांढऱ्या रश्शासाठी लोक बोळात उभे राहायचे. आणि हा माणूस स्वतः मटण खात नव्हता.

आधी खायचा. मी यायच्या वर्षभर आधी त्याच्या बायकोच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात महिनाभर ठेवून डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्यायला सांगितलं. वस्ताद अनवाणी जोतिबाच्या डोंगरावर गेला आणि बोलून आला, हिला ठेव, मी जन्मभर मटणाला तोंड लावणार नाही. ती उठून बसली. महिन्याभरात चूल पेटवायला लागली. हे सगळ्या खानावळीला माहीत होतं. ती रोज त्याच्यासाठी भाजी-भाकरीचा डबा द्यायची. रश्शाच्या पातेल्यांशेजारी पाटावर बसून तो वांग्याची नाही तर पोकळ्याची भाजी खायचा. मला तेव्हा गंमत वाटायची. आता वाटत नाही.

चव बघायची मग कुणी? ते काम माझ्याकडं आलं. वस्ताद वासावर आणि रंगावर सगळं जमवायचा, पण मीठ काही वासावर कळत नाही. म्हणून आमच्याकडं मटण उकडलेलं पाणी अळणीच बाजूला निघायचं आणि मीठ अगदी शेवटी पडायचं. तो आतनं हाक मारायचा, "चव बघ रं!" मी एका हातात ताटं तोलत दुसऱ्या हाताचा तळवा पुढं करायचो. तो त्यावर पळीतला थेंब टाकायचा. मी चाटून सांगायचो, "चिमूट कमी हाय." मग तो चिमूट टाकायचा. माझ्या शब्दावर त्यानं कधी शंका घेतली नाही. गावाकडं मी सांगायचो, कोल्हापुरातला सगळ्यात भारी रस्सा माझ्या जिभेनं पास होतो. बायको म्हणायची, "मग घरी मुकाट्यानं खावा की."

तो रविवार पौषातला होता. बाहेर बोळात माणसं उभी होती, आत सगळी बाकं भरलेली. मधल्या बाकावर नेहमीचा कंत्राटदार बसला होता. घरं बांधायचा. दर रविवारी पाहुणे घेऊन यायचा आणि त्यांच्यापुढं आम्हाला नाचवायचा. वाईट माणूस होता असं मी आज म्हणणार नाही. पाहुण्यांना आपलं वजन दाखवायचं, तर ते कुणावर तरी टाकून दाखवावं लागतं, आणि आम्ही समोरच होतो. त्या दिवशी त्याचे निपाणीकडचे व्याही आले होते. त्यानं आधी सुकं परत पाठवलं, कांदा करपलाय म्हणून. करपला नव्हता. मग भाकऱ्या परत पाठवल्या, गार आहेत म्हणून. माझी बोटं पोळली होती त्या भाकऱ्यांनी. मग म्हणाला, "पांढरा रस्सा सकाळचा नको. वस्तादाला म्हणावं, आमच्यापुरता नवा कर. मिरी कमी, लसूण कमी, नारळ जास्त. आणि लौकर."

मी आत जाऊन सांगितलं. वस्तादानं बारकं पातेलं चढवलं, अळणी पाणी घेतलं, ताजा नारळ खवून दूध काढलं. बाहेर चार बाकांवरनं मला हाका चालल्या होत्या. एकजण ताटावर वाटी आपटत होता. तेवढ्यात आतनं आवाज आला, "चव बघ रं!"

माझ्या मस्तकात तिडीक गेली होती. त्या माणसाच्या रश्शासाठी आत जाऊन तळवा पुढं करायचा, हेच मला सोसवेना. मी दारातनंच ओरडलो, "झ्याक हाय! ओता!"

वस्तादानं ओतला. मी चाखलाय असंच त्याला वाटलं. सरसर वाढण्याच्या गडबडीत पळीला बोट लावून मी पुढं गेलो असेन, असं त्यानं धरलं असणार. घाईत त्याचं मीठ टाकायचं राहिलं होतं आणि ते सांगायचं काम माझं होतं.

कंत्राटदारानं घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "अळणी हाय की रं."

मी वाटी उचलली. दाराआड उभा राहिलो. खरं सांगतो, तेव्हाही मी चाखून बघितलं नाही. याला खोड्याच काढायच्या आहेत, दुसरं काय, असं मनात म्हणालो आणि तीच वाटी नेऊन ठेवली. "नवा दिलाय वस्तादांनी."

त्यानं परत घोट घेतला. पाहुण्यांकडं वाटी सरकवली. व्याह्यांनी चाखली आणि मान खाली घातली. मग कंत्राटदाराचा आवाज सगळ्या खानावळीत गेला. "मालक! हिकडं या! तुमचा वस्ताद आमाला येड्यात काढायलाय. दोन डाव अळणी रस्सा! बोलवा त्याला बाहेर!"

वस्ताद धोतराला हात पुसत बाहेर आला. सगळे जेवायचे थांबले होते. कंत्राटदारानं वाटी त्याच्यासमोर धरली. "तुझ्या हातचं तूच खाऊन सांग. मीठ हाय का न्हाय?"

कंत्राटदाराला नवस माहीत नव्हता. मालकाला माहीत होता. मालक वस्तादाच्या जवळ गेला आणि हळूच म्हणाला, मी शेजारी होतो म्हणून ऐकलं, "घे की घोटभर. पावण्यांचं समाधान हुईल. इतकी माणसं बघायल्यात."

वस्तादानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. त्याला सगळं कळलं होतं. ना चव बघितली, ना वाटी बदलली, सगळं. त्या वेळी मी एवढंच म्हणायचं होतं, की हे खात नाहीत, चव मी बघतो, चूक माझी आहे. तोंड उघडलंसुद्धा मी. पण मालकानं मला त्याच महिन्यात एकदा ताकीद दिली होती, गिऱ्हाइकाशी उलट बोललो म्हणून. दोन्ही पोरं डोळ्यांपुढं आली. मी तोंड मिटलं. आजवर मला माझी जितकी लाज वाटली आहे, त्यातली निम्मी त्या एका क्षणाची आहे.

वस्तादानं वाटी दोन्ही हातांत घेतली आणि प्याला. घोटभर नाही, सगळी. मग वाटी बाकावर ठेवून म्हणाला, "मीठ न्हाय. माझं चुकलं पावणं."

"कळलं न्हवं? जा, आता नीट करून आण," कंत्राटदार म्हणाला. पाहुणे हसले. खानावळीत परत बोलण्याचा कालवा सुरू झाला.

मी मागं नळावर गेलो तेव्हा वस्ताद चुळा भरत होता. एकामागनं एक. मी म्हटलं, "वस्ताद, मी..." त्यानं मला पुढं बोलू दिलं नाही. "जा, कडंच्या बाकावर भाकरी पायजे त्यांना," म्हणाला. मी भाकरी घेऊन गेलो.

त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही. डबा रोज यायचा, पण बऱ्याचदा अर्धाच संपायचा आणि उरलेली भाकरी फडक्यात बांधून घरी जायची. चव मीच बघत राहिलो. आता मात्र हाक आली की हातातली ताटं खाली ठेवून जायचो. त्याचा काही उपयोग नव्हता, हे मलाही कळत होतं.

जेठात त्याच्या बायकोला परत धाप लागली. पुन्हा पाणी झालं होतं. मी सातवी शिकलेला माणूस आहे. वाटीभर रश्शानं कुणाच्या छातीत पाणी होत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही आहे. आणि तरी बातमी ऐकल्यावर मी त्या रविवारपासूनचे महिने मोजले.

एका सकाळी वस्ताद कामावर आला नाही म्हणून मालकानं मला त्याच्या घरी धाडलं. शुक्रवार पेठेत एक खोली होती. तो औषध आणायला गेला होता. ती भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की श्वास घेता येत नव्हता तिला. मी तिला वैनी म्हणायचो. मला बघून तिनं पदर सावरला आणि शेजारणीला चहा ठेवायला सांगितलं. मग शेजारीण आपल्या खोलीत गेल्यावर, दोन शब्दांमध्ये दम खात म्हणाली, "भाऊ, एक इचारू? ह्येनी पाळत्यात न्हवं तिथं? दिसभर त्या मटणात उभं ऱ्हायाचं. कवा तोंड लावलं न्हाय न्हवं?"

इतकी वर्षं मी त्याच वाटीला नवी वाटी म्हणत आलो होतो. मला एवढं एक वाक्य बोलायला फार जड गेलं. पण बोललो. "न्हाय वैनी. कवाच न्हाय. त्येंच्यासारखं पाळणारा माणूस मी बघितला न्हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. च्या घेऊन जा."

नऊ-दहा दिवसांनी ती गेली. पंचगंगेवर सगळं आटपून माणसं पांगली. मी आणि वस्ताद मागनं चालत होतो. मला राहवेना. मी सांगून टाकलं, की तिनं मला विचारलं होतं आणि मी खोटं बोललो.

वस्ताद थांबला. नदीकडं तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "बरं केलंस. सा महिनं ती माझ्या ताटाकडं बघायची. भाकरी का उरती, गप का असतो, सगळं बघायची. पण मला कवा इचारलं न्हाय तिनं. मला खोटं बोलाय येत न्हाय, खरं ऐकावं लागंल, हे ठावं हुतं तिला. म्हणून तुला इचारलं."