सुरुंगवाले साडू

आमच्या साडूंनी आयुष्यात कशावरही सरळ विश्वास ठेवलेला नाही, आणि जमिनीवर तर नाहीच नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पुण्याला एका प्रयोगशाळेत जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायची यंत्रं बनवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ लांज्याजवळच्या आमच्या वाडीत येऊन राहिला तो माझं डोकं उठवायला. घर शेजारी, जेवण निम्मं आमच्याकडे आणि राग सगळा आमच्यावर. चतुर्थीला पानात मोदक वाढला तर हे तो चमच्याच्या दांड्याने बाजूने, तिरका टोचून बघणार. का, तर सुरुंग असाच तिरक्या सळईने चाचपायचा असतो, वरून दाब पडला की संपलं. बायको म्हणाली, "भावोजी, खोबरं आहे हो त्यात." तर उत्तर काय, "आहे असं तुम्ही म्हणता, ताई. मी अजून पाहिलेलं नाही." सणासुदीला पाहुण्याने असं बोलावं? बायको आत गेली ती तूप वाढायलाही आली नाही.

आल्या आल्या त्यांनी घरी जुळवलेलं एक यंत्र बाहेर काढलं. लांब दांडी, खाली ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. लोखंडाचा वास लागला की ते किंचाळायचं. पुण्याच्या मैदानात म्हणे साधा खिळा सुटायचा नाही. पण आमच्याकडे सगळा जांभा. त्यात लोह ठासून भरलेलं, त्यामुळे यंत्र अंगणात किंचाळलं, परसात किंचाळलं, वरच्या उघड्या कातळावर, सड्यावर नेलं तर थांबेचना. "अशा मातीत यंत्र खोटं बोलतं हे शास्त्राला माहीत आहे," साडू दगडाकडे बघत दात खात म्हणाले, "पण इतकं निर्लज्जपणे बोलावं?" तरीही जिथे आवाज जास्त तिथे ते लाल चिंधीची काठी रोवत गेले, आणि वाडीत बोभाटा झाला की पुण्याच्या साहेबांना गुप्तधन लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर माझ्या हापूसच्या कलमांत काठी तिथे खड्डा. गावकीच्या कामाला हाक मारली की ज्यांची कंबर धरते, त्या मेल्यांनी जांभ्यात कंबरभर खड्डे मारले होते. मी साडूंना वाटेल ते बोललो. त्यांनी एकेक खड्डा वाकून पाहिला आणि म्हणाले, "बरं झालं, भाऊ. एवढ्या जागा तरी आता नक्की साफ आहेत."

अशा माणसाबरोबर माझा राग कधी जुळेल असं मला वाटलं नव्हतं, पण जुळला. आमच्याकडे काही लोक रानडुकरं मारायला गावठी बॉम्ब ठेवतात. पिठाचा नाहीतर सुक्या मासळीचा गोळा, आत स्फोटक. डुकराने चावला की फुटतो. डुकराने म्हणे. आमच्या समोरच्या घरच्या गाभण गाईने चरता चरता तो चावला आणि तिचा जबडा उडाला. दुपारभर ती तशीच उभी होती आणि वाडी दारं लोटून घरात बसली होती. गोळा कोणी ठेवला ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझा चुलतभाऊ, आमच्या बागेच्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या पलीकडचा. मी तोंडावर विचारलं तर मलाच म्हणतो, "डुकरांनी माझी रताळी खाल्लीनी, तेव्हा कुठे होतास तू? तुझ्याच काजूतून येतात ती." बाकीचे चार शहाणे माना खाली घालून सुपारी कातरत बसले. अजून आठवलं तरी माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यात काजू पिकायला लागले होते. काजू काही झाडावर चढून काढत नाहीत, खाली पडलेले वेचतात. म्हणजे माझी बायको आणि वाडीतल्या बायका रोज पातेऱ्यात, त्या वाळक्या पानांच्या थरात, हात घालणार. खाली आणखी एखादा गोळा असला तर? मी म्हटलं, यंदा बाग सोडून देतो, पडू देत काजू. साडू माझ्यावरच उखडले. "आज बाग सोडाल, उद्या पाणंद सोडाल. मग घरातच बसायचं का?"

यंत्र तर कुचकामी, कारण गोळ्यात धातू नावालाही नाही. तेव्हा त्यांनी आमच्या खंड्याला धरलं. हा आमचा कुत्रा, चोर आला तर त्याला वाट दाखवील असा. स्फोटकाचा वास कुत्र्याच्या नाकाइतका कुठलंच यंत्र ओळखत नाही, हे साडूंनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी कान धरले. फटाक्याच्या दारूत घोळवलेली फडकी ते अंगणात लपवायचे. खंड्याने हुंगून शोधायचं, तोंड न लावता तिथेच बसायचं, मग साडूंच्या हातून उकडलेलं अंडं. जमिनीवरचं काही म्हणजे काही खायचं नाही. इथेच घरात महाभारत सुरू झालं, कारण आमच्याकडे जेवणाआधी कुत्र्याला भाकरीचा तुकडा अंगणात टाकायची रीत, माझ्या पणजीपासूनची. बायकोने टाकला की साडू धावत येऊन उचलायचे.

"दारातल्या मुक्या जिवाला घास टाकायचा नाही?"

"टाकायचा नाही, ताई. हातावर द्यायचा. खालचं खायची सवय राहिली तर एक दिवस तोच गोळा खाईल."

"भावोजींनी कुत्र्याचा धर्म बुडवलानी," असं माझी बायको विहिरीवर सांगत सुटली. पण दुसऱ्या दिवसापासून तुकडा तळहातावर धरून, मान फिरवून उभी राहू लागली.

मग एका सकाळी साडू खंड्याला घेऊन बागेत शिरले. मला गडग्याशी थांबायला सांगितलं. बराच वेळ काही नाही, आणि मग एका काजूखाली खंड्या मुकाट बसला. तिथून माझी बायको वर्षानुवर्षं वेचायला सुरुवात करते. साडूंनी त्याला अंडं द्यायला हात पुढे केला, पण डोळे सगळे पातेऱ्यात, अंडं निसटून खाली पडलं. खंड्याने त्याच्याकडे बघितलं, खाल्लं नाही. साडूंनी रत्नागिरीच्या पोलिसांना फोन लावला, मागे सरकून बसले आणि मला म्हणाले, "भाऊ, नोकरीत आम्हीच पुरायचो आणि आम्हीच शोधायचो. दुसऱ्याने पुरलेलं मला आज पहिल्यांदा सापडलं."

चुलतभाऊ पलीकडून बघत होता. मी त्याच्या अंगावर धावलो तर साडूंनी माझा दंड धरला आणि त्याला विचारलं, "कोणी ठेवले ते पोलीस विचारतील. अजून कुठे आहेत तेवढं मला सांगा." त्याने मान वळवून बागेकडे पाहिलं. मग म्हणाला, "फणसाच्या बुडात एक आहे. बाकीचे आठवत नाहीत." ठेवले, आणि विसरला. मला वाटलं साडू आता त्याला फाडून खातील. पण त्यांनी जागा दाखवायला त्याला हात देऊन गडग्यावरून अलीकडे घेतलं आणि म्हणाले, "माझ्या मागून या. मी पाय ठेवीन तिथेच ठेवा."

पोलिसांच्या पथकाने फणसाखालचाही गोळा नेला. खंड्याने बाग पुन्हा पुन्हा हुंगली, पण कुठे बसला नाही. चुलतभावाशी मी आजही बोलत नाही, बोलणारही नाही. बायका मात्र बागेत जातात. आणि दर हंगामात आमचे साडू भर उन्हात गडग्याशी उभे असतात, शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत. वय झालं, डोळ्यांना दिसत नाही, सांगून ऐकत नाहीत. मी ओरडतो, अहो, आता काही नाही त्या बागेत, घरी चला. ते बागेवरची नजर न काढता म्हणतात, "नाही असं मला म्हणता येत नाही, भाऊ." मग मीही त्यांना शिव्या घालत तिथेच उभा राहतो.