मिटलेला जबडा आणि संध्याकाळची गोळी

परवा निमगाव केतकीस आमच्या घरी जे घडले, ते सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

माझा धाकटा भाऊ सोपान यास भास होण्याचा जुना विकार आहे. त्याची गोळी रोज सायंकाळी मी स्वतःच्या हाताने देतो. आजवर एकही चुकू दिली नाही... याचा मला अभिमान होता.

नुकतेच बारामतीच्या डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण वाढवले होते; त्या वेळी सोपानसोबत माझी सूनबाई गेली होती. परवा सोपान भर उन्हात उसाला पाणी देऊन आला आणि अंथरुणावर पडला. अंग तापलेले, सदरा घामाने चिंब... ऊन लागले, असे आम्ही सर्वांनी ठरवले. तळपायांना कांद्याचा रस चोळला. पन्हे पाजले, ते ओठांतून बाहेर आले.

सायंकाळी नेमाप्रमाणे मी गोळी घेऊन बसलो. त्याचा हात लाकडासारखा ताठ होता, जबडा मिटलेला. तो मला ओळखतही नव्हता... तरीही मी बोटाने त्याचे दात उघडू पाहत होतो.

तेव्हा सूनबाईने माझे मनगट धरले. सासऱ्याचा हात धरण्याची आमच्याकडे रीत नाही.

"आबा, नगा देऊ. ताप आला नि आंग ताठलं तर गोळी थांबवून लगीच घिऊन या, आसं डाक्टर मला म्हणलं व्हतं."

उन्हाची बाधा उतरली की बरा होईल, असे मी म्हणालो.

"उन्हानं जबडा मिटतो व्हय, आबा?"

मी गोळी परत खिशात ठेवली. गाडी काढली. गोळ्यांचे पाकीट तिने आठवणीने सोबत घेतले.

बारामतीस डॉक्टरांनी सांगितले की हा त्या औषधाचाच परिणाम आहे. क्वचित होतो, परंतु जीव घेतो... मूत्रपिंडांवरही ताण आला आहे. मग गोळीच वाईट काय, असे मी विचारले. नाही, म्हणाले, इतकी वर्षे तिनेच त्याला सांभाळले. एरवी ती आपल्या मनाने बंद करायची नाही. मात्र ताप, ताठरपणा आणि हरपलेले भान दिसताच घरी उपाय करीत बसायचे नाही.

सोपान अद्याप अतिदक्षता विभागात आहे. ताप पुरता उतरलेला नाही. आज सकाळी त्याच्या दातांत किंचित फट दिसली, तेव्हा नर्सने ओठांवरून ओला बोळा फिरवला... त्याने डोळे उघडले नाहीत.

सायंकाळ झाली की माझा हात अजूनही गोळीसाठी खिशाकडे जातो. तो रिकामा परत येतो, याबद्दल मी सूनबाईचा ऋणी आहे.